पाच घरचा गहू

रावपुरा, बडोदे
९ ऑक्टोबर २०२०

ती. भाऊजींस इंदिराचा नमस्कार.

घरच्या जागेची बोलणी फोनवर करायची नाहीत, कागदावर करायची, हा तुमचा नियम. म्हणून लिहिते. केयूर भाजीचा टेम्पो घेऊन रोज पादऱ्याहून इकडे येतोच, त्याच्याकडे पत्र देते. टपालापेक्षा लवकर पोचेल.

मार्चपासून माझी खानावळ बंद आहे. युनिव्हर्सिटीची मुलं घरी गेली ती आलीच नाहीत. एकाची लुंगी वाळत घातली होती, ती घडी करून ठेवली आहे. माझ्या हाताखालच्या दोघी बायका रोज येऊन विचारतात, "मावशी, केव्हा?" मी म्हणते, "लवकरच." आता मलाच माझा कंटाळा आला आहे.

वॉर्ड ऑफिसने एक काम काढलं आहे. ज्यांचे कामधंदे बसले त्यांना दुपारचं शिजवलेलं जेवण सरकार देणार, आणि ते शिजवायचं काम आमच्यासारख्या बायकांकडे. जेवणाऱ्याला जेवण, आम्हाला मजुरी. माझं नाव लागलं आहे. अट एकच. स्वयंपाक तळमजल्यावर हवा, मोठे सिलिंडर जिन्याने वर न्यायचे नाहीत. वरचा मजला माझ्या वाटणीचा आणि तळमजल्याची खोली तुमच्या वाटणीची. कुलूपही तुमचंच. आत खताच्या रिकाम्या गोण्या आणि एक मोडका पाळणा आहे. दोन्ही मी वर नेऊन ठेवीन. तुमची किल्ली आणि हरकत नसल्याची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली की चूल पेटली.

आणखी एक. मागच्या पत्रावर तुम्ही माझ्या नावाआधी गं. भा. लिहिलं होतं. हे जाऊन तीन वर्षं झाली, ते मला रोज सकाळी दूध कमी घेताना कळतं. पत्त्यावर लिहायची गरज नाही.

मृदुलावहिनींना नमस्कार.

आपली
इंदिरा


पादरा
१६ ऑक्टोबर २०२०

इंदिराबाई यांस तुकोजीरावाचे आशीर्वाद.

पाकिटावर गं. भा. लिहिलेलं नाही. म्हणजे मी ऐकतो. पण खोलीचं जमणार नाही.

राग मानू नका, कारण सांगतो. आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेत होते. घोड्यावर बसले, जखमा खाल्ल्या आणि मग भाकरी खाल्ली. आमच्या घरात कुणी बसून खाल्लेलं नाही. आणि आता त्याच घराच्या दारात फुकट जेवणाऱ्यांची रांग? रस्त्याने जाणारा म्हणेल, तुकोजीरावाने अन्नछत्र काढलं.

फुकट धान्य सुरू झाल्यापासून इकडे काय झालं ते तुम्हाला बडोद्यात बसून दिसत नाही. कपाशी वेचायला माणूस मिळत नाही. मी एकाला म्हटलं, "ये रे उद्या." तो म्हणतो, "काका, या महिन्यात जरा आराम." आराम! मी सत्तरीचा झालो, मला कधी आराम नाही. माणसाला पोटाची काळजी असते म्हणून तो उठतो. ती काळजी सरकारने काढून घेतली तर उठेल कशाला?

आणि दुसरं नीट वाचा. आज जो जेवायला घालतो तो उद्या विचारणार, कुणाचं खाता? ज्याचं खाल्लं त्याच्यापुढे मान वाकते. म्हणून म्हणतो, अडचण असेल तर माझ्याकडून घ्या. मी गहू पाठवतो, तूर पाठवतो. किंवा सरळ पादऱ्याला या. मृदुलेला सोबत होईल. लक्ष्मणाच्या माघारी तुम्ही सरकारच्या हंड्यात पळी फिरवावी हे माझ्याने बघवणार नाही.

तुम्ही फार वाचता, त्याने डोकं फिरतं.

तुकोजीराव


रावपुरा, बडोदे
२४ ऑक्टोबर २०२०

ती. भाऊजींस नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने आणि दुसऱ्यांदा हसत. फौजेतले पूर्वज स्वतःच्या पैशाने घोड्याला चंदी घालत होते का? सरकारच देत होतं. आणि परवाच्या अतिवृष्टीत कपाशी गेली तेव्हा तुमच्या खात्यात काय जमा झालं? वहिनींनी मला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. शेताच्या मोटरला वीज कुठल्या भावाने येते? तरी तुम्ही पहाटे उठताच ना?

मी सातवीत शाळा सोडली. पुढचं सगळं यांनी लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांवर झालं. हे कारखान्यातून येताना पिशवीत एक पुस्तक घालून आणायचे, स्वतः वाचायचे नाहीत, रात्री जेवताना विचारायचे, "आज काय झालं त्यात?" मी सांगायची. आता पुस्तक संपलं की सांगायला माणूस नाही, तेव्हा पोळ्या लाटताना पोळ्यांना सांगते. त्या चांगल्या ऐकतात, मधे बोलत नाहीत. डोकं फिरलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

तुम्ही म्हणता, तुमच्याकडून घ्या. भाऊजी, तुमचं मन मोठं आहे, पण तुमचं घेतलं की मला दर दिवाळीला ते आठवावं लागेल. तुम्ही बोलणार नाही, पण मृदुलावहिनींच्या डाळीची मी तारीफ करताना जरा जास्तच करीन. सरकारला मी कधी भेटत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे तोंड कसनुसं करावं लागत नाही. आणि मी तर फुकट मागतच नाही, शिजवायचं काम मागते.

रांगेत कोण येणार ते सांगते. आपल्या शेजारचे पद्माकर. त्यांचे आजोबा दप्तरात मोठ्या जागेवर होते, हे तुम्हाला माहीतच आहे. पद्माकर मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. कारखाना जूनमध्ये बंद झाला. हल्ली ते सगळ्यांना सांगतात, "डॉक्टरांनी एकवेळ जेवायला सांगितलंय." बायकोलाही त्याच डॉक्टरांनी सांगितलेलं दिसतं. फुकट धान्य मिळतं तिकडे ते फिरकत नाहीत. शिजवलेलं जेवण आपल्या दारात मिळालं तर कदाचित येतील.

किल्ली पाठवा.

इंदिरा


पादरा
५ नोव्हेंबर २०२०

इंदिराबाई यांस आशीर्वाद.

नुकसानभरपाई वेगळी. ते माझं गेलं त्याचं मिळालं. विजेचंही वेगळं आहे, ते इथे लिहीत बसत नाही. मृदुलेला मी सांगितलं आहे की फोनवर जरा बेताने बोलत जा.

पद्माकरबद्दल वाईट वाटलं. पण पाहा, तो धान्याच्या रांगेत जात नाही. याला म्हणतात घराणं. तुम्ही त्याला वाकवायला निघालात.

किल्लीचा विषय संपला. आता कामाचं लिहितो. चंपाषष्ठी वीस डिसेंबरला आहे, त्यात रविवार. देव आपल्या रावपुऱ्याच्या घरात, तेव्हा दरवर्षीप्रमाणे मी येणार, खंडोबाचं भिक्षापात्र, आपला कोटंबा, घेऊन पाच दारी धान्याची वारी मागणार. रोगराई आहे म्हणून खंडोबाची वारी चुकवायची नाही. तोंडाला फडकं बांधीन, डोक्याला पागोटं. वांगी मी आणतो. कांद्याची पात तुम्ही आणून ठेवा.

वारीची पाच घरं तीच का? त्यात कुणी गेलं, कुणी घर बदललं का? आणि त्यांच्याकडे सध्या गहू कुठला असतो? सगळं सविस्तर लिहा.

तुकोजीराव


रावपुरा, बडोदे
१८ नोव्हेंबर २०२०

ती. भाऊजींस नमस्कार.

दिवाळी झाली. चकल्या थोड्याच केल्या, कारण खाणारी मीच. यांच्या वाटच्या चार पद्माकरांकडे दिल्या. डॉक्टरांनी चकलीला मनाई केलेली नव्हती.

तुमच्या शेवटच्या ओळी वाचून मला बरं वाटलं. गल्लीत कुणाकडे काय शिजतं हे तुम्ही कधी विचारलं नव्हतं. पागोट्याखाली मन आहे, हे मला माहीत होतं. तर सांगते.

पाच घरं तीच. गल्लीतल्या हार्दिकची आई, आपली बा, समोरचे कासार, शिंपीणबाई, कोपऱ्यावरचे म्हातारे गणपतराव आणि पद्माकर. पद्माकर सोडून बाकी चौघांकडे सरकारी गहू आहे. फुकट मिळालेला. शिंपीणबाई म्हणतात, त्याच्यावरच वर्ष निघालं. पण तो या महिनाअखेर बंद होणार असं ऐकतो. रोज कुणीतरी बातमी आणतं, चालू राहणार, रोज दुसरं कुणी म्हणतं, नाही. बा तर मला विचारते, "इंदिराबेन, तू एटली चोपडी वांचे छे, तने खबर हशे." इतकी पुस्तकं वाचतेस, तुला माहीत असेल! मी म्हटलं, बा, पुस्तकात पुढच्या महिन्याचं नसतं.

आणि धान्य बंद झाल्यावर तर शिजवलेल्या जेवणाची गरज आणखीच. वॉर्ड ऑफिसच्या बाईंनी मला एकतीस डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर जागा दाखवली नाही, तर काम दुसऱ्या बायकांना जाईल. मग मी खानावळीची भांडी विकायला काढीन आणि पादऱ्याला येऊन मृदुलावहिनींच्या डाळीची तारीफ करीन. ते तुम्हालाही परवडणार नाही.

वाट बघते.

इंदिरा


पादरा
१० डिसेंबर २०२०

इंदिराबाई यांस आशीर्वाद.

मंगळवारी केयूरबरोबर काही सामान गल्लीत येईल. त्याला काय करायचं ते सांगितलेलं आहे. तुम्ही त्यात लक्ष घालू नका. वरच बसा, वाचत बसा.

तुकोजीराव


रावपुरा, बडोदे
१६ डिसेंबर २०२०

ती. भाऊजींस नमस्कार.

वरच बसले होते, अगदी तुम्ही सांगितलं तसं. पण माझी खिडकी गल्लीत उघडते, त्याला माझा इलाज नाही.

काल सकाळी केयूर आला. टेम्पोत पाच पोती. तो गाडी थांबवून घरं शोधू लागला. तेवढ्यात शिंपीणबाई बाहेर आल्या.

"काय आहे रे?"

"गहू."

"कुणी पाठवला?"

"नाव सांगायची मनाई आहे."

"पैसे?"

"पैसे घ्यायचीपण मनाई आहे."

बाई दोन पावलं मागे सरल्या आणि ओरडल्या, "अहो, सरकारी गहू परत सुरू झाला!"

मग काय विचारता. कासारांनी खडूने गोल काढले, प्रत्येकजण आपापल्या गोलात उभा. बा रेशनकार्ड घेऊन आली. केयूर म्हणाला, "बा, कार्ड नाही लागत." बा म्हणाली, "लिहून घे, मागाहून भानगड नको." एकाने अंगठा पुढे केला तर केयूरने घाबरून त्यावर सॅनिटायझर ओतलं. तो बिचारा सारखा म्हणत होता, पाचच घरं, पाचच घरं. पण शेजारच्या गल्लीतले लोक आले, त्यांना तो काय सांगणार? मापाने देत गेला आणि पाचही पोती रिकामी करून निघून गेला. मला म्हणाला, "मावशी, काकांना तुम्ही सांगा, माझी हिंमत नाही." सांगितलं.

बाला गहू फार आवडला. मूठभर हातावर घेऊन मला खिडकीत दाखवला. "जो, आ वखते सरकारे दिवेल चोळीने मोकल्या छे!" या खेपेला सरकारने एरंडेल चोळून पाठवलाय, कीड लागू नये म्हणून. गल्लीभर सरकारचं नाव निघालं. इतक्या मायेने एरंडेल चोळणारं सरकार कुणी पाहिलेलं नाही.

मी पाहिलेलं आहे. तुमच्या पडवीत, दर एप्रिलला, धोतर खोचून.

पहिल्यांदा मला वाटलं, भाऊजींना दया आली. मग दुपारी भांडी घासताना उजेड पडला. तुम्ही पाच घरं विचारली होती, पाच पोती पाठवली. कोटंब्यात सरकारी गहू पडू नये, म्हणून तुमचाच गहू आधी त्यांच्या घरात भरायचा आणि रविवारी तोच मागून आणायचा! भाऊजी, वारी म्हणजे दुसऱ्याच्या दारी मागायचं. स्वतःचाच गहू मागायचा, तर पादऱ्यालाच या खोलीतून त्या खोलीत गेला असतात तरी चाललं असतं. देव हसला असेल.

मी कुणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही.

एक मात्र सांगते. रांगेत शेवटी पद्माकर होते. टोपी खाली ओढलेली, मास्क डोळ्यांपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा ते अशा रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा केयूरच्या पोत्यात तळाशी थोडाच गहू उरला होता. त्याने पोतं झटकून सगळा दिला. पद्माकर पिशवी छातीशी धरून घरी गेले. बायको दारातच उभी होती.

रविवारी या. वांगी विसरू नका.

इंदिरा


पादरा
२३ डिसेंबर २०२०

इंदिराबाई यांस आशीर्वाद.

रविवारी पंगतीत मी काही बोललो नाही. मृदुलेला वाटलं भरीत तिखट झालं. भरीत ठीक होतं. जे झालं ते आता लिहितो.

तुम्ही ओळखलंत ते खरं. हेतू तोच होता. त्यावर जास्त लिहू नका.

कोटंबा पूजला, भंडारा लावला आणि निघालो. पहिल्या दारी बा. वाटी भरून आणली आणि म्हणाली, "काका, आ जूना सरकारी छे. नवा तो बहु सारा हता, खाई गया!" म्हणजे माझा एरंडेल चोळलेला गहू चार दिवसांत खाऊन संपवला आणि देवाला ठेवला तो जुना सरकारी. कासारांकडे तेच, शिंपीणबाईंकडे तेच. गणपतराव तर म्हणाले, "नवा गहू नातवाला ठेवलाय, देव समजून घेईल." कोटंब्यात आलेलं परतवायचं नाही, कुठून आलं ते विचारायचं नाही, असा आपला कुळाचार. मी कोटंबा पुढे धरून उभा. चार घरांत चार मुठी सरकारी गहू आणि वर मला ऐकवलं जातंय की सरकार किती सुधारलं.

पाचवं दार पद्माकरचं. तो स्वतः आला, दोन्ही हातांत ओंजळभर गहू घेऊन. बघितल्याबरोबर ओळखला. माझा. वासही आला.

तो म्हणाला, "तुकोजीराव, हा सरकारी आहे. पहिल्यांदाच घेतलाय. देवाला चालेल ना?"

तोंडात आलं होतं, अरे, हा माझा आहे, माझ्या शेतातला. शब्द जिभेवर होते. पण मी त्याच्याकडे बघितलं. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. सरकारचा म्हणून त्याला माझ्यापुढे काही वाटत नव्हतं, उलट तोच मला देत होता. मी खरं बोललो असतो तर ते डोळे खाली गेले असते आणि मग आयुष्यभर मला रस्त्यात बघून तो पलीकडच्या बाजूने गेला असता. मी म्हटलं, "चालेल. देवाला सगळं चालतं."

मग त्याने हळूच विचारलं, "एक विचारू? मागताना तोंड कसं ठेवता तुम्ही? मी त्या दिवशी रांगेत उभा होतो, मला कळेना खाली बघू की वर."

इंदिराबाई, पन्नास वर्षं मी वारी मागतो आहे, मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "वर बघायचं. मी मागतो तेव्हा मी मागतच नाही, खंडोबा मागतो. मी नुसता उभा असतो." तो म्हणाला, "तुमचं बरं आहे. मला तसं कुणी नाही." आणि हसला. मी भंडारा लावला त्याच्या कपाळाला आणि जिना उतरलो.

पाचव्या घरचा गहू माझाच, तो वारीत धरता येत नाही. म्हणून सहाव्या दारी गेलो. कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्याचं घर. त्याने मूठभर चणे घातले. सरकारी. घेतले.

सोबत किल्ली आणि चिठ्ठी पाठवतो आहे. मुदतीच्या आत पोचेल. माझा विरोध कायम आहे. त्यात फरक पडलेला नाही. लोक आळशी होतात, सरकार डोक्यावर बसतं, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण खोली तशीही रिकामीच आहे. अटी अशा. माझं नाव कुठेही लिहायचं नाही. खिचडीत हिंग घालायचा. आणि पद्माकरला गव्हाचं कळता कामा नये.

पाळणा फेकू नका, लक्ष्मणाचा आहे तो.

तुकोजीराव


रावपुरा, बडोदे
१६ जानेवारी २०२१

ती. भाऊजींस नमस्कार.

चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात नेऊन दिली. बाईंनी सही बघितली आणि म्हणाल्या, "केवढी मोठी सही!" मी म्हटलं, माणूसच तसा आहे.

सोमवारी चूल पेटली. माझ्या दोघी बायका भल्या सकाळी हजर. एक तर हळदीचा डबा उघडून वास घेत उभी राहिली, म्हणाली, मावशी, घरच्या हळदीला असा वास येत नाही. खोली धुऊन घेतली. पाळणा वर आहे, माझ्या खाटेजवळ. रात्री पाय लागतो, बरं वाटतं. त्याच्या आवाजाने जाग आली की वाटतं, हे पाणी प्यायला उठले. मग आठवतं. मग झोप लागते. तसं ठीक आहे माझं.

पहिल्या दिवशी खिचडी-कढी केली. हिंग घातला. रांग कोपऱ्यापर्यंत. रस्त्याने जाणारा कुणी काही म्हणाला नाही, एकाने फक्त विचारलं, "कढी उरली का?" उत्तरायणाला गल्लीत सगळे पतंग उडवायला गच्चीवर, तेव्हा त्या एका दिवशी गल्लीनेही डबे दोरीने वर ओढून घेतले. बा वरून ओरडत होती, "इंदिराबेन, ढील आप!" मला वाटलं पतंगाला म्हणते, ती कढीच्या डब्याला म्हणत होती. तुमचे मजूरही शोधले. दोघं दिसले, इथे बांधकामावर येतात. कपाशीला का जात नाही विचारलं तर म्हणाले, काका मजुरी मोजून देतात पण फार बोलतात. मी काही म्हणत नाही, त्यांनी सांगितलं ते कळवलं.

एकच गोष्ट मनासारखी झाली नाही. पद्माकर येत नाहीत. रोज बाराच्या सुमाराला डबा पिशवीत घालून घरातून निघतात. रांगेच्या टोकापर्यंत येतात, दुकानातल्या पाट्या वाचल्यासारखं करतात आणि परत फिरतात. काल मी खाली जाऊन म्हटलं, "या ना, गरम आहे." तर म्हणाले, "इंदिराबाई, त्या दिवशी गव्हाच्या रांगेत सगळी गल्ली होती. इथे सगळे बाहेरचे, माझ्या ओळखीचं कुणी उभं नसतं. एकट्याने उभं राहायला जड जातं." घरी नेऊन द्यायला मी तयार आहे, पण ते दार उघडणार नाहीत, मला माहीत आहे.

काय करावं सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

इंदिरा


पादरा
१८ जानेवारी २०२१

इंदिराबाई यांस आशीर्वाद.

मी फार बोलतो हे मजुरांनी सांगायला नको होतं. मृदुला ते पत्र वाचून दिवसभर हसते आहे.

पद्माकरला निरोप द्या की बुधवारी बारा वाजता मी येतो. येताना घरचा डबा घेऊन येतो. रांगेत मी त्याच्या पुढे उभा राहीन, तो माझ्या मागे. मला भूक नसेल, तरी चालेल ना? माझ्या डब्यात जे पडेल ते कोपऱ्यावर गेल्यावर त्याच्या डब्यात ओतीन. त्याच्या बायकोला पुरेल. मग गुरुवारीही येईन. पुढच्या आठवड्यात बघू.

कुणी विचारलं, तुकोजीराव, तुम्ही इथे कसे, तर मी सांगणार आहे की या योजनेला माझा विरोध आहे. तो मी रांगेत उभा राहून करीन.

मला वाढताना कढी जरा जास्त घाला.

तुकोजीराव